14 नोव्हेंबरच्या दिवाळीबद्दल कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
कार्यकारिणीतले सर्व सदस्य,
आपलं मंडळ, कॉव्हेंट्री

सप्रेम नमस्कार.

दिवाळी संमेलनाची पत्रिका मिळाली. लक्ष्मीपूजन यंदा रविवारी, 8 नोव्हेंबरला. भाऊबीज कामाच्या दिवसांत येते, म्हणून सगळ्यांना सोयीचा असा पुढचा शनिवार तुम्ही धरलात. फराळ, बालनाट्य, अंताक्षरी आणि सव्वासात वाजता आवारात आतषबाजी. तो शनिवार 14 नोव्हेंबर आहे.

1940 साली याच तारखेला सातनंतर थोड्याच वेळात या शहरात भोंगे वाजले आणि सात वीसच्या सुमारास पहिले आगलावे बॉम्ब पडायला लागले. धोका टळल्याचा भोंगा वाजला तो दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला. मधल्या अकरा तासांत सुमारे साडेचारशे जर्मन विमानं या शहरावरून गेली, त्यांनी 500 टनांच्या आसपास स्फोटक बॉम्ब आणि 30 हजारांहून जास्त आगलावे बॉम्ब टाकले. निदान 568 माणसं मेली. चार हजारांहून जास्त घरं गेली. पाण्याचे मुख्य नळ फुटल्यामुळे आगीच्या बंबांना पाणी मिळेना. ट्रामचे रूळ इतके उखडले की त्या रात्रीनंतर इथे ट्राम पुन्हा धावलीच नाही. विमानविरोधी तोफा रात्रभर धडधडत होत्या, त्यांच्या नावावर पडलेलं जर्मन विमान एक.

तुम्ही मुद्दाम ही वेळ निवडलीत असं मी म्हणत नाही. हॉलवाल्याने आवार आठच्या आत मोकळं करा म्हणून सांगितलं असेल, मुलांच्या झोपेचा प्रश्न असेल. आणि विषय फक्त फटाक्यांचा असता तर अध्यक्षांना एक फोन करून भागलं असतं. पण पत्रिकेपाठोपाठ ग्रुपवर बालनाट्याची संहिता आली, मग कॅथेड्रलच्या भग्न भिंतींचा फोटो आणि त्याखाली ‘क्षमा हीच खरी दिवाळी’ असं छापलेला बॅनर आला. म्हणजे तारीख तुमच्या लक्षात आहे. त्या तारखेला काय झालं याची तुम्ही जी गोष्ट केलीत, तिच्याबद्दल हे पत्र आहे. सगळ्या सभासदांपुढे बोलायचं आहे, म्हणून खुलं.

आधी त्या नाटकातल्या चर्चिलबद्दल. संहितेत चर्चिल सिगार ओढत म्हणतात की कॉव्हेंट्रीवर हल्ला होणार हे आपल्याला ठाऊक आहे, पण जर्मनांची सांकेतिक लिपी आपण फोडलीय हे त्यांना कळता कामा नये, सबब कॉव्हेंट्री जळू द्या. टाळ्या पडतील असा प्रसंग आहे खरा. पण तो घडलेला नाही. ही कथा 1974 साली एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याच्या पुस्तकातून पसरली आणि पुढे इतिहासकारांनी कागदपत्रं काढून ती खोडली. मोठा हल्ला येतोय याचा सुगावा ब्रिटिशांना होता, पण चर्चिलना वाटत होतं की तो लंडनवर येतोय. त्या दिवशी ते गावाकडे निघाले होते. गाडीत निरोप वाचला, गाडी लंडनकडे वळवली आणि रात्री हवाई खात्याच्या गच्चीवर जाऊन बॉम्बची वाट बघत उभे राहिले. बॉम्ब पडत होते ते इथे.

खरी गोष्ट आपल्या मंडळींना जास्त झोंबेल अशी आहे. जर्मनांची पुढची तुकडी रेडिओ किरणांच्या आधाराने येत असे. एका किरणावरून उडायचं, दुसरे किरण तो कुठे छेदतात यावरून बॉम्ब कधी सोडायचे ते ठरवायचं. त्या किरणांवर गोंगाट सोडून वैमानिकाला गोंधळवणारी यंत्रं ब्रिटिशांनी तयार ठेवली होती. पण त्या रात्री जर्मन संकेताचा सूर 2000 हर्ट्झचा होता आणि या यंत्रांचा लावलेला होता 1500 हर्ट्झवर. जर्मन विमानातल्या फिल्टरने तो गोंगाट सहज गाळून टाकला. गुणवत्ता विभागात हयात घालवलेले निदान दहा जण आपल्या मंडळात आहेत. त्यांना विचारा, पंतप्रधानांच्या कारस्थानावर त्यांचा विश्वास बसतो की कुणीतरी नीट न मोजता पुढे पाठवलेल्या आकड्यावर.

आता त्या बॅनरकडे येतो.

कॅथेड्रलची गोष्ट मोठी आहे, ती कमी लेखायची नाही. सेंट मायकेलच्या छपरावर प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड आणि त्यांचे तीन साथीदार वाळूच्या बादल्या घेऊन आगलावे बॉम्ब विझवत होते. वाळू संपली, पाणी संपलं, छप्पर कोसळलं. मनोरा आणि बाहेरच्या भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. जॉक फोर्ब्ज नावाच्या पाथरवटाने दोन जळक्या तुळया आडव्याउभ्या बांधून क्रूस केला. त्याच वर्षीच्या नाताळात हॉवर्ड त्या ढिगाऱ्यातून रेडिओवर बोलले, सूड नको असं बोलले, आणि इंग्लंडवर बॉम्बहल्ले चालू असताना असं बोलायला छाती लागते. हे सगळं खरं. पण शहराची आठवण म्हणजे एवढंच असं झालं की वाटतं, जर्मन विमानं चर्च पाडायला आली होती. ती चर्च पाडायला आली नव्हती. ती आपल्या कामाच्या जागा पाडायला आली होती.

हा ‘आपल्या’ मी विचार करून लिहिलाय. पिंपरीत अप्रेंटिस असताना ज्या कॅपस्टन लेथवर माझा हात बसला, त्याच्या ओतीव अंगावर उठावदार अक्षरं होती: अल्फ्रेड हर्बर्ट, कॉव्हेंट्री. हे शहर नकाशात कुठे आहे हे कळायच्या आधी त्याचं नाव बोटांना माहीत होतं. आपल्यापैकी कितीजणांच्या वडिलांचं किंवा काकांचं असंच असेल. हर्बर्टचा कारखाना तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या मशीन टूल कारखान्यांपैकी एक होता. म्हणजे यंत्रं बनवणारी यंत्रं इथून जायची. या गावाने आधी रिबिनी विणल्या, घड्याळं केली, शिवणयंत्रं केली. शिवणयंत्रावाल्यांनीच सायकली करायला घेतल्या आणि 1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांनी इथे जी सायकल काढली, तिचीच घडण नंतर जगभर आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवरही चालली. सायकलवरून मोटरसायकल, मग मोटार, मग विमानाचं इंजिन. डेमलर, हंबर, हिलमन, स्टँडर्ड, आर्मस्ट्राँग सिडली, ट्रायम्फ. 1936 नंतर युद्धाची चाहूल लागली तशी सरकारने गावाच्या कडेला पर्यायी कारखाने उभारले, ते मोटारवाल्यांनी चालवायचे आणि त्यांतून विमानांचे भाग काढायचे. नोव्हेंबर 1940 मध्ये या गावात जिथे जिथे लेथ होता तिथे तो युद्धासाठी फिरत होता.

आणि लेथ सगळीकडेच होते. ज्याने जुनं लालबाग-परळ पाहिलंय त्याला कॉव्हेंट्री समजवावी लागत नाही: गिरणीची भिंत संपते तिथे चाळीचा जिना सुरू होतो. इथेही मधल्या वस्तीत, घरांच्या मागच्या अंगणांत, अरुंद जुन्या गल्ल्यांत कारखाने होते. कामगार चालत किंवा सायकलने कामावर जात. त्यामुळे कारखान्यावर टाकलेला बॉम्ब कामगाराच्या घरावर पडणारच, आणि जर्मनांनी तर दोहोंत फरक करायची तसदीच घेतली नाही. एकतृतीयांश कारखाने पुरते गेले किंवा निकामी झाले, आणखी तितक्याच कारखान्यांचं जबर नुकसान झालं. तरी गावाच्या कडेचे पर्यायी कारखाने बऱ्यापैकी वाचल्यामुळे काही आठवड्यांत काम पुन्हा सुरू झालं. मोटार कारखानदार विल्यम रूट्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली आणि वीज, गॅस, पाणी कोणत्या कारखान्याला आधी, याचा क्रम लावला गेला. छप्पर उडालेल्या शेडमध्ये ताडपत्र्या ताणून लोक मशीनवर उभे राहिले.

या भागावर नंतर फार गुलाबी रंग चढवला गेलाय. ‘कॉव्हेंट्री डगमगली नाही’ वगैरे. डगमगली. दुसऱ्या दिवशी लोक रस्त्यात थरथरत उभे होते, रडत होते, ‘कॉव्हेंट्री संपली’ म्हणत होते. तसं तेव्हाच्या निरीक्षकांनी लिहून ठेवलंय. हल्ल्याच्या आधीपासून हजारो लोक रोज संध्याकाळी गादी-चादर घेऊन आसपासच्या खेड्यांत झोपायला जायचे आणि सकाळी पाळीला परत यायचे. हल्ल्यानंतर ती संख्या कितीतरी वाढली. भ्यायले आणि तरी कामावर आले. मला तरी पोस्टरमधल्या छातीठोक कामगारापेक्षा हा माणूस जवळचा वाटतो.

कॅथेड्रलला लागून प्रायरी स्ट्रीटवर ट्रायम्फच्या मोटरसायकलींचा कारखाना होता. त्या रात्री तो भुईसपाट झाला. कंपनी आधी वॉरिकला गेली, मग मेरिडनला, पुढे बुडाली, नाव विकलं गेलं, हिंक्लीत नव्याने उभी राहिली. आणि 2023 पासून त्या नावाच्या मोटरसायकली चाकणला बनतात. आपल्या ग्रुपवर गेल्या वर्षी कुणीतरी भावाच्या नव्या ट्रायम्फचा फोटो टाकला होता, हार घातलेला, पुढच्या चाकाखाली लिंबू. त्याला भरपूर अंगठे मिळाले. त्या टाकीवरच्या नावाचा जुना पत्ता आपण दर रविवारी कॅथेड्रलच्या बाजूला गाडी लावून तुडवतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

याच ट्रायम्फच्या कामाच्या जागी ऑक्टोबर 1940 मध्ये, म्हणजे मोठ्या हल्ल्याच्या महिनाभर आधी, एक न फुटलेला बॉम्ब सापडला. दोन कारखान्यांचं काम बंद, आसपासची वस्ती बाहेर काढलेली. सेकंड लेफ्टनंट सँडी कॅम्पबेल आणि त्यांच्या माणसांनी चार दिवस खणून तो उघडा केला. उशिरा फुटणारा फ्यूज होता आणि तो निघेना. तेव्हा कॅम्पबेलनी तो लॉरीत घालून गावाबाहेर न्यायचं ठरवलं, आणि स्वतः लॉरीत त्या बॉम्बला बिलगून पडले. कशासाठी? टिकटिक सुरू झाली तर ऐकू यावी आणि ड्रायव्हरला ‘थांब, पळ’ म्हणून सांगता यावं. तो बॉम्ब त्यांनी सुखरूप निकामी केला. दुसऱ्या दिवशी, 18 ऑक्टोबरला, व्हिटली कॉमनवर दुसऱ्या एका बॉम्बवर काम करताना ते, सार्जंट मायकेल गिब्सन आणि त्यांची तुकडी मारली गेली. कॅम्पबेल आणि गिब्सन या दोघांनाही मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

व्हिटली कॉमन. सकाळी ऑफिसला जाताना डावीउजवीकडे दिसतं ते. मुलांना नाटकच करायचं असेल तर हे घ्या ना. एक लॉरी, एक ड्रायव्हर, एक कान लावून पडलेला माणूस. सिगारवाल्यापेक्षा यात अभिनयाला जास्त वाव आहे, आणि हे घडलेलं आहे.

आता व्हिटलीबद्दलच पुढचं, जे बॅनरच्या आड दडलंय.

आपल्यातली कितीतरी मंडळी कार्ड दाखवून जिथे आत जातात, ती जग्वार लँड रोव्हरची व्हिटलीची जागा. टाटांनी 2008 साली कंपनी घेतली आणि पुण्याहून इकडे येणाऱ्यांची वाट रुळली. त्या जागी त्या काळी आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ ही विमानांची कंपनी होती. तिने एक लांब पल्ल्याचा बॉम्बर काढला आणि त्याला या उपनगराचंच नाव दिलं: व्हिटली. बांधणी शेजारच्या बॅगिंटनला, जिथे आज विमानतळ आहे. युद्धाच्या पहिल्याच रात्री, 3 सप्टेंबर 1939 ला, व्हिटली विमानं जर्मनीवर पत्रकं टाकून आली. पुढच्या मार्चमध्ये बॉम्ब टाकून आली. ऑगस्ट 1940 मध्ये बर्लिनवर गेलेल्या विमानांत तीही होती. 8 नोव्हेंबरला ब्रिटिश विमानांनी म्युनिकवर बॉम्ब टाकले, आणि कॉव्हेंट्री हा त्याचा बदला असं जर्मनांनी जाहीर केलं. बदला वगैरे बोलायच्या गोष्टी. या गावात जे बनत होतं ते पाहता त्याची पाळी आज ना उद्या येणारच होती. पण कॉव्हेंट्री म्हणजे मुकाट बसलेलं, जुनं, देवभोळं गाव आणि त्याच्यावर आकाशातून आग पडली, हे चित्र अर्धं आहे. त्या आकाशात इथूनही विमानं जात होती.

आणि गोष्ट तिथे थांबली नाही. कॉव्हेंट्रीत आगीने काय केलं, किती दिवस कामगार कामावर आले नाहीत, पाणी तुटल्यावर काय झालं, हे सगळं ब्रिटिश हवाई दलाने बारकाईने अभ्यासलं. मग तो धडा उलट दिशेने वापरला गेला: ल्यूबेक 1942, हँबुर्ग 1943, ड्रेस्डेन 1945. हँबुर्गमध्ये जुलैच्या त्या हल्ल्यांत 30 हजारांहून जास्त माणसं मेली. ड्रेस्डेनमध्ये सुमारे 25 हजार. आर्मस्ट्राँग व्हिटवर्थने तोवर लँकेस्टर बॉम्बर बांधायला घेतले होते. म्हणजे ज्या कामगाराचं घर 14 नोव्हेंबरला जळलं, त्यानेच ठोकलेल्या रिव्हेट पुढे दुसऱ्या कामगाराच्या घरावरून उडत गेल्या असतील. म्हणूनच कॅथेड्रलच्या भिंतीवर हॉवर्डनी ‘त्यांना क्षमा कर’ असं कोरलं नाही, नुसतं ‘हे पित्या, क्षमा कर’ एवढंच. कुणाला ते मोकळं ठेवलं. आपल्या बॅनरमध्ये मात्र आपण उदारपणे क्षमा करून मोकळे झालोय. कुणाला आणि कुणाच्या वतीने, हे विचारायला नको का?

इथल्या लोकांनी क्षमेचा बॅनर लावला नाही, त्यांनी बांधकाम केलं. 1947 मध्ये कीलशी आणि 1959 मध्ये ड्रेस्डेनशी भगिनी शहराचं नातं जोडलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन तरुण येऊन इथल्या भग्न कॅथेड्रलच्या आवारात विटा रचत होते, आणि 1965 मध्ये इथले तरुण ड्रेस्डेनला जाऊन बॉम्बने पडलेल्या इस्पितळाची डागडुजी करत होते. ड्रेस्डेनचं फ्राउएनकिर्श हे चर्च पुन्हा उभं राहिलं तेव्हा त्याच्या घुमटावर बसवलेला सोनेरी गोळा आणि क्रूस एका इंग्रज सोनाराने घडवला, ज्याचे वडील त्या शहरावर बॉम्ब टाकायला गेलेल्या विमानात वैमानिक होते. हातांनी केलेली कामं आहेत ही. आपल्यासारख्यांना समजतील अशी.

मागच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं होतं, आणि ते टाळून पुढे जाणं बरं नाही: “इंग्रजांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं. त्यांच्या गावावर बॉम्ब पडले, त्याचं सुतक आपण का पाळायचं?”

प्रश्न रास्त आहे. 1939 मध्ये हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं गेलं. कॉव्हेंट्री जळायच्या महिनाभर आधी, 17 ऑक्टोबर 1940 ला, वर्ध्याजवळ पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला होता आणि चार दिवसांत त्यांना अटक झाली. दुसरे सत्याग्रही जवाहरलाल नेहरू. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली, आणि त्यांचा 14 नोव्हेंबरचा वाढदिवस, जो आपली मुलं बालदिन म्हणून ओळखतात, त्या साली तुरुंगात गेला. तीन वर्षांनी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. हे सगळं जमेला धरूनच मी बोलतोय. सुतक पाळा असं म्हणत नाहीच. पण ‘त्यांचं गाव’ म्हणताना एवढं लक्षात असू द्या की 1930 च्या दशकाच्या शेवटी इंडियन वर्कर्स असोसिएशन स्थापन झाली ती याच गावात. पंजाबी मजूर होते, फेरीवाले होते, आणि हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची मागणी ते इथल्या मजुरांच्या वस्तीत राहून करत होते. साम्राज्याशी भांडायचं आणि शेजाऱ्याबरोबर राहायचं, या दोन गोष्टी त्यांना एकाच वेळी जमल्या होत्या.

आणखी एक, पंचांगात रस असणाऱ्यांसाठी. जर्मनांना उजेड हवा होता म्हणून त्यांनी पौर्णिमा धरली. मोहिमेचं नावही चांदण्यावरूनच, ‘मूनलाइट सोनाटा’. ती कार्तिकी पौर्णिमा होती. आपल्याकडे देवळांच्या दीपमाळांवर त्रिपुर पाजळले गेले होते, शंकराने एका बाणात तीन नगरं जाळली त्याची आठवण म्हणून. त्या नगरांत कोण कोण राहत होतं, हे ती कथा सांगत नाही.

कॉव्हेंट्रीत कोण राहत होतं हे मात्र सांगता येतं, कारण नावं आहेत. लंडन रोडच्या दफनभूमीत 20 आणि 23 नोव्हेंबरला मोठ्या खंदकांत सामुदायिक दफन झालं. कितीतरी देहांची ओळख पटली नव्हती. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा मोठे हल्ले झाले, त्यांतली माणसंही तिथेच. एकूण आठशेहून जास्त. आपण त्या रस्त्याने मंदिरात जातो, भाजी आणायला जातो. गाडी थांबवून आत गेलेले आपल्यात किती निघतील?

एक गंमत सांगतो, गंभीर पत्रात चालत असेल तर. त्या काळी जग्वारचं नाव एसएस कार्स होतं आणि कारखाना फोलशिलला. रात्री छपरावर आगीची राखण करायला कर्मचाऱ्यांच्या पाळ्या लागत. कंपनीचे प्रमुख विल्यम लायन्स यांनी अशी व्यवस्था केली की विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली हे त्यांचे इंजिनवाले नेमके एकाच रात्री पाळीला येतील. आगलाव्या बॉम्बची वाट बघता बघता या मंडळींनी युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा केली, आणि त्यातून जे एक्सके इंजिन निघालं ते 1948 पासून पुढे चार दशकांहून जास्त काळ बनत राहिलं. आपल्या गाडीवाल्यांना त्या इंजिनाचा बोअर, स्ट्रोक, कॅमशाफ्ट सगळं पाठ असतं. ते कोणत्या छपरावर आणि का बसून सुचलं, हे मुलांना सांगितलं तर अंताक्षरीपेक्षा वाईट कार्यक्रम होणार नाही.

तर माझं म्हणणं असं. संमेलन एक आठवडा अलीकडे, शनिवारी 7 तारखेला घ्या. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनच आहे, त्या शनिवार-रविवारी गाय फॉक्स नाइटच्या, म्हणजे इंग्रजांच्या 5 नोव्हेंबरच्या फटाक्यांच्या रात्रीच्या, निमित्ताने सगळं गाव फटाके उडवतंय, आपलेही त्यात खपतील. हॉल त्या दिवशी मिळत नसेल तर संमेलन 14 लाच ठेवा, पण आतषबाजी गाळा आणि चर्चिलला घरी पाठवा. बॅनरवर कॅथेड्रलचा फोटो राहू दे, त्याखाली शहराचं नाव आणि तारीख पुरे. ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी 14 च्या सकाळी मी एक फेरी काढतोय: लंडन रोडची दफनभूमी, तिथून व्हिटली कॉमन, मग प्रायरी स्ट्रीट आणि शेवटी कॅथेड्रल. दफनभूमीच्या दाराशी साडेनऊला भेटू. मुलांना आणा, नावं मोठ्याने वाचायला लहान आवाज हवे आहेत. चालायचं बरंच आहे, बूट चांगले घाला, छत्री ठेवा. मधे चहाला थांबू, फराळ ज्याने त्याने आणावा.

हॉलची आगाऊ रक्कम बुडणार असेल तर खजिनदारांनी मला कळवावं. मी माझ्या परीने भर घालतो, आणखी चार जणांनी तशी तयारी दाखवली आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि नाट्याची तालीम सुरू व्हायच्या आत निर्णय कळवावा, एवढी विनंती.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद